पानात न मावलेल्या दोन ओळी

शिक्षणावरची जाडजूड संशोधनं वाचायची आणि अधिकाऱ्यांसाठी, शिक्षकांसाठी त्यांचा एका पानात सारांश करायचा, ही माझी पुण्यातली नोकरी. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. एका पानापुढे साहेब वाचत नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि काहीही पानात बसवण्यात माझा हातखंडा होता. काय तो माज!

मांडवगण फराट्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत पहिली-दुसरीची मुलं एकत्र बसायची. दुसरीतलं पोर पहिलीतल्याला वाचून दाखवायचं, आणि दोघंही धडाधड वाचायला लागायची. आमच्या पाहणीत हीच शाळा उजवी ठरली. तिथल्या बाईंनी मला बजावलं होतं, "सर, दुसरे गुरुजी हायत म्हणून जमतंय. मी फळ्यापाशी, ते पोरांत. एकटीला न्हाई व्हायचं हे. तेवढं मात्र लिहा."

लिहिलं की! पण छापायच्या आदल्या दिवशी मजकूर दोन ओळी पानाबाहेर गेला. तक्ता काढावा, तर तो देखणा. मी बाईंच्याच दोन ओळी उडवल्या. 'एकत्र वर्गात मुलं लवकर वाचतात' एवढं ठळक अक्षरात राहिलं.

जूनमध्ये त्या गुरुजींची बदली झाली आणि त्यांची जागाच रद्द झाली. शिक्षणाधिकारी साहेबांच्या त्या आदेशाला आमचं पान जोडलेलं होतं. एकत्र वर्ग एवढा चांगला, मग दोन शिक्षक हवेत कशाला?

पुढे शिरूर-दौंडच्या शिक्षकांचा मेळावा दौंडला भरला. तेच पान समजावून सांगायला मला बोलावलं होतं. चहाच्या सुट्टीत बाई आल्या. आवाज पार बसलेला.

"पहिलीची पोरं मागं पडली, सर. दिसतंय मला, पण एकटी कुणाकुणाकडं बघू? मी सांगितलेलं गेलं कुठं?"

"साहेबांनी काढलं हो," मी म्हणालो. जीभ जराही अडखळली नाही. वर साहेबांना दोन शिव्याही हासडल्या. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या. "तुम्ही न्हाई असं करायचे."

दुपारी साहेब स्वतः आले, तेव्हा बाई भरसभेत उभ्या राहिल्या. "सरांनी लिहिलेलं तुम्ही का काढलं?" साहेब चक्रावले. त्यांनी काढलंच नव्हतं, तर त्यांना कळणार काय! "कोण म्हणतं असं?" त्यांनी दरडावलं.

"सर हायत की हितंच. विचारा त्यांना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदांची चळत नीट करत बसलो. बाई खाली बसल्या. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी शेपूट घातलं.

भरसभेत साहेबांवर खोटा आरोप केला म्हणून बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. अशी कागदपत्रं त्यांना जमत नसत, म्हणून खुलासा लिहून द्यायला त्यांनी मलाच सांगितलं. मी दिला लिहून. त्यात बाईंनी साहेबांची बिनशर्त माफी मागितली होती, आणि खाली त्यांनी मुकाट्यानं सही केली.