फाशीचं मेंढरू

धीर हा गुण देवानं मला द्यायचाच राहिला. हैदराबादेत जंतुशास्त्र शिकून मी निजाम सरकारच्या बीडच्या दवाखान्यात आलो, तेव्हा तिथे सूक्ष्मदर्शक एकच, आणि तो माझ्या टेबलावर. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली गत. कुठे साथीची कुणकुण लागली की काचपट्ट्या घेऊन मी हजर.

लिंबागणेशकडच्या एका धनगर म्हातारीची मेंढरं पटापट मरताहेत असं कळलं आणि मी तडक टांगा जोडायला लावला. तळावर एक मेंढी नुकतीच मेली होती. नाकातून काळं रक्त आलं होतं. म्हातारी खड्डा खणवून घेत होती.

"कापू नका, सायब. फाशीचा रोग हाय हा. फाशीचं मेंढरू आमी कापत न्हाई, आक्खं पुरतो."

मी हसलो. खरं म्हणजे कानाच्या टोकातला रक्ताचा एक थेंब मला पुरला असता. पण मला हैदराबादच्या साहेबांना अख्खी प्लीहा पाठवायची होती, शाबासकी हवी होती. मी पोट फाडलं. रक्त मातीत मुरलं. काचेवर फाशीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू दिसले तेव्हा कोण आनंद झाला मला!

तो आनंद एक रात्रही टिकला नाही. सांडलेल्या रक्ताला हवा लागली की हे जंतू बीज धरतात, आणि ते बीज मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. परीक्षेत हेच लिहून मी पहिला आलो होतो. दुसऱ्या दिवशी चुना घेऊन धावलो, नेहमीची खबरदारी म्हणून पसरतोय असं सांगितलं आणि परतलो. खरं बोलायची छाती झाली नाही.

मग वर्षभर जिवाला घोर. तिकडचा कुणी पेशंट आला की त्याची नाडी बघायच्या आधी मी मेंढरांची चौकशी करायचो. लोक मला चक्रम समजू लागले.

पावसाळा सरला आणि म्हातारी स्वतःच दवाखान्यात आली. त्याच तळावर तिची अकरा मेंढरं गेली होती.

"जागा नासली कशानं, सायब?"

दैवावर ढकलून मोकळा झालो असतो, जाब विचारणारं कुणी नव्हतं. पण त्या तगमगीनं मी पार पिचून गेलो होतो. सगळं सांगून टाकलं.



"तुमाला हे तवाबी माहीत व्हतं?"

"होतं."

"मंग मी कापू नका म्हनले, तवा हासलात कावून?"