अण्णांच्या कडुलिंबावरचा फ्लेक्स

माझ्या बापाच्या फोटोला खिळे ठोकणाऱ्यांनो, आज इथं येऊन हात जोडू नका.

अण्णांना जाऊन आज वर्ष झालं.

निलंग्यात आयुष्यभर त्यांनी अकरावी-बारावीला पर्यावरण शिकवलं. म्हणजे ज्याला कुणी विषयच मानत नाही, तो विषय. पालक तोंडावर सांगायचे की सर, हे नीटच्या परीक्षेला येत नाही, पोरांचा टाइम कशाला खाताय. अण्णा हसायचे.
मला राग यायचा. अजून येतो.

त्यांच्या पिशवीत पक्कड कायम. झाडावर कुठल्या क्लासची पाटी दिसली की स्कूटर स्टँडवर लावायची, खिळे उपसायचे आणि पाटी मालकाला नेऊन द्यायची. लोक येडा मास्तर म्हणायचे.

अण्णा म्हणायचे, "पानात झालेलं अन्न सालीतूनच खाली जातंय. हे तिथंच भोक पाडायलेत. झाड बोंबलत न्हाई म्हणून ठोकायचं का?"

कॉलेजच्या गेटजवळचा कडुलिंब त्यांनीच लावला. उन्हाळ्यात घरून कॅनने पाणी नेऊन जगवला.

आज सकाळी त्याच झाडावर फ्लेक्स.
'वृक्षमित्र सरांना भावपूर्ण श्रद्धांजली.'
अण्णांचा फोटो पासपोर्ट साइज. त्यांचाच विद्यार्थी, आता क्लासचा मालक, तो अर्धा फ्लेक्स भरून. खाली 'ॲडमिशन चालू'. चारी कोपऱ्यांना बोटाएवढे खिळे.

त्याला फोन केला.
"ताई, सरांचाच फोटो हाय. आजच्या दिवशी उतरवणं बरं दिसतं का?"
वा रे वा. ठोकताना बरं दिसलं.

घरून अण्णांची पक्कड आणली. चहाच्या गाड्यावरचे सगळे गोळा झाले, पण गेलेल्या माणसाच्या फोटोला हात कोण लावणार? एक बाई म्हणाली, लेक हाय का कोण, आजच बापाचा फोटो उतरवायली.

खिळ्यासोबत साल निघून आली, तेव्हा मात्र मला रडू आलं.

अण्णांचा फोटो तेवढा कापून घेतला. बाकीचा फ्लेक्स त्या क्लासच्या दारात नेऊन टाकला.

आणि आता तोच क्लासवाला भाऊ अण्णांच्या आठवणीत मी काल टाकलेल्या पोस्टखाली हात जोडलेले इमोजी टाकून गेलाय. डिलीट करणार नाही. दिसू दे सगळ्यांना.

हात जोडायचेत ना? मग आधी हातातला हातोडा खाली ठेवा.

अण्णा, एक खिळा काही केल्या निघाला नाही, आतच राहिलाय.
उद्या परत जाते.
तुम्ही आराम करा.