गोलकीपरचा शुक्रवार

‘गोलकीपर विकला’ हा मथळा माझा. मजकूर माझा, टाइप मी केला, आणि बोईसर स्टेशनबाहेर व पालघरच्या मासळी बाजारात वाटलाही मीच. त्यामुळे दोष वाटून घ्यायला दुसरं कुणी नाही.

पत्रक लिहायला मी पिण्याच्या पाण्याच्या आंदोलनात शिकले. तिथले नियम सोपे होते. मथळा चार शब्दांच्या आत. मागण्या तीनच, कारण चौथी कुणी वाचत नाही. आणि मथळ्यात प्रश्नचिन्ह टाळायचं, कारण प्रश्न विचारला की समोरचा उत्तर देऊन मोकळा होतो. या नियमांनी आम्हाला टँकर मिळाला होता. म्हटलं, फुटबॉल क्लब काय चीज आहे.

क्लब तसा छोटा. मैदान एमआयडीसीच्या रस्त्याला लागून. पावसाळा संपला की पंधरा दिवस नुसतं गवत कापण्यात जातात. एका बाजूला आम्ही कारखानेवाले, म्हणजे सोलापूर, जळगाव, बीडकडून आलेली कुटुंबं आणि हिंदी बोलणारे कामगार. आमच्याकडे ढोल. समोरच्या बाजूला दातिवऱ्याकडून टेम्पो करून येणारे किनाऱ्यावरचे लोक. त्यांच्याकडे बेंजो. दोन्ही गट एकाच क्लबचे, पण एकमेकांच्या घोषणा कुणी म्हणत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपही दोन. मॅच जिंकली की आम्ही म्हणायचो पास आमच्या पोराचा, ते म्हणायचे अडवलं आमच्या पोराने.

आणि अडवायचा तो खराच. आमचा गोलकीपर दातिवऱ्याचा, बोटीवर खलाशी. हात असे की चेंडू हाताला लागला की सुटायचा नाही. तो गोलात उभा असला की माझे वडील ढोल वाजवताना मान वर करून बघायचे सुद्धा नाहीत.

माझा राग सुरू झाला तो मॅचच्या वारावरून. आमच्या मैदानावरच्या मॅचचा दिवस आमचे चिटणीस ठरवायचे. ते माकुणसारचे, निवृत्त शिक्षक; सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. गुरुजी कधी मंगळवार लावायचे, कधी शनिवार, कधी सोमवार. आमच्या लोकांची सुट्टी शुक्रवारी. मंगळवारची मॅच बघायची तर खाडा करावा लागतो आणि खाडा म्हणजे हजेरी बुडाली. माझे वडील एका मोसमात निम्म्या मॅच हुकले. विचारलं तर गुरुजी म्हणायचे, जमेल तसं लावतो. जमेल तसं म्हणजे कुणाला जमेल तसं, हे मात्र सांगायचे नाहीत.

त्यात हंगामाच्या मधोमध बातमी आली की वसईकडच्या एका क्लबला आमचा गोलकीपर हवा आहे. बदलीसाठी ते क्लबला पैसे द्यायला तयार आहेत. झालं, चहाच्या टपरीवर दुसरं बोलणंच नाही. कुणी म्हणे पैसे घ्या आणि दोन फॉरवर्ड आणा. कुणी म्हणे फॉरवर्ड आणून काय करता, आधी कपडे बदलायला खोली बांधा, पोरं झाडामागे बदलतात. माझ्या वडिलांच्या खात्यातला एक हिंदीभाषक कामगार ठामपणे सांगायचा की क्लबांचं सगळं असंच असतं, आधी माणूस विकतात आणि मग मैदान. मला विचाराल तर पैशापेक्षा जास्त संताप याचा होता की आम्हाला हे सगळं टपरीवर कळत होतं.

म्हणून पहिलं पत्रक. मागण्या तीन: मॅच दर शुक्रवारीच, वसईच्या बोलणीचा खुलासा, कमिटीवर समर्थकांचा एक माणूस. सभा भरली. किनाऱ्यावरचे सहा-सात जण आले होते, आम्ही पन्नास. पहिली मागणी हात वर करून मंजूर झाली. गुरुजींनी हातातलं पेन उघडलं, बंद केलं, म्हणाले, “शुक्रवार... बरं. बघू या.” मला वाटलं, हरलेला माणूस असाच बोलतो. उरलेल्या दोन मागण्या पुढच्या सभेवर गेल्या.

मग शुक्रवार सुरू झाले. पहिल्या शुक्रवारी गोलकीपर आला, आम्ही जिंकलो, ढोल फुटेस्तोवर वाजला. दुसऱ्या शुक्रवारी तो आलाच नाही. डिफेन्समधल्या एकाला गोलात उभं केलं आणि चार गोल खाल्ले. तिसऱ्या शुक्रवारी आला. चौथ्या शुक्रवारी नाही. पाचव्याला आला, सहाव्याला पुन्हा गायब. गुरुजींना विचारलं तर म्हणे कामावर आहे. अरे, कामावर सगळेच असतात. एका आड एक शुक्रवार कसलं काम?

हिशेब माझ्या डोक्यात बसला तो असा: एक शुक्रवार आमचा, एक शुक्रवार वसईचा. सौदा झालाय आणि आम्हाला गाफील ठेवलंय. दातिवऱ्याला फोन करावा असं एकदा मनात आलं होतं. केला नाही. पत्रकाच्या नियमात ते बसत नव्हतं. मथळा आधीच सुचला होता.

‘गोलकीपर विकला’ हे दुसरं पत्रक वाटलं त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी आमच्या घरी आले. आईने पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तिथीवालं, आणि खाटेवर पसरलं. जुन्या मॅचच्या तारखांभोवती पेनाने गोल केले होते.

“तिथी बघ,” ते म्हणाले.

सप्तमी. अष्टमी. नवमी. पुन्हा अष्टमी. मंगळवार असो की शनिवार, प्रत्येक गोल अष्टमीच्या आगेमागे.

तेव्हा मला ते कळलं जे दातिवऱ्यात शेंबडं पोरही सांगेल. त्याची बोट डोल जाळ्याची. हे जाळं समुद्रात रोवून ठेवतात आणि पाण्याच्या ओढीने मासळी त्यात शिरते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, ओढ जोरात, तेव्हा बोटी बाहेर. अष्टमीच्या सुमाराला ओढ मरते. त्याला ते भांग म्हणतात. भांगात जाळं टाकून उपयोग नाही, म्हणून बोटी किनाऱ्याला, जाळी दुरुस्तीला. गोलकीपर मोकळा असतो तो तेवढेच दिवस. सात वर्षं गुरुजी भांग बघून मॅच लावत होते. आम्ही शुक्रवार मागितला. मग काय, एक शुक्रवार भांगात पडायचा, पुढचा उधाणात.

मी विचारलं, “हे सभेत का नाही सांगितलं?”

“त्यात सांगायचं काय? सगळ्यांना ठाऊक असतं.”

“आम्हाला नव्हतं ठाऊक, गुरुजी. आम्ही सोलापूरचे. आम्हाला समुद्र पिकनिकला माहीत.”

त्यांनी कॅलेंडरची घडी केली. हा राग माझा अजून आहे आणि तो मी मागे घेणार नाही. सात वर्षं क्लब एका माणसाच्या डोक्यातल्या कॅलेंडरवर चालतो आणि समोर उभ्या असलेल्या पन्नास माणसांना कुणी एक वाक्य सांगत नाही. पण विचारायचं सोडून छापायला गेले मी, हेही तेवढंच खरं.

मग गुरुजींनी दुसरी गोष्ट सांगितली. वसईवाल्यांना तो दोनदा नाही म्हणाला होता. पत्रक दातिवऱ्यात पोचलं आणि काल समुद्रावर जायच्या आधी त्याने फोन केला: गुरुजी, बदलीचा फॉर्म घेऊन या, मी सही करतो. उद्या बदलीचा शेवटचा दिवस. पाचच्या आत फॉर्म पालघरच्या ऑफिसात पोचला तर तो गेला. नाही पोचला तर हंगामभर आमचाच.

“तुम्ही नेणार फॉर्म?”

“त्याने मागितलाय,” गुरुजी म्हणाले. “तू येतेस?”

 रात्री वडिलांनी ढोल पलंगाखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी सफाळ्याला उतरून रिक्षाने दातिवऱ्याला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले. गोलकीपरची आई तिथेच होती. गुरुजींनी माझी ओळख करून दिली आणि मी मनात तयार केलेलं वाक्य विसरले. तिने कमरेच्या बटव्यातून माझं पत्रक काढलं. चार घड्या.

“ह्यो तू लिवलास?”

“हो मावशी.”

“बाजारात बाया मना इचारतान, पोरगा केवड्याला इकला. माजा पोर काय बोंबील हाय? टोपलीत घालून इकायला?”

मी चुकलं म्हणाले. तिने पत्रक पुन्हा घडी करून ठेवलं. फाडलं असतं तर बरं वाटलं असतं. “बस,” ती म्हणाली. “भरतीला येल तो.”

बोटी खाडीत शिरतात त्या भरतीच्या पाण्यावर. त्या दिवशी पाणी एकच्या सुमाराला भरणार होतं. ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी गाळ उघडा पडतो, आणि मग बोट बाहेरच नांगरून पुढची भरती येईपर्यंत, म्हणजे मध्यरात्र उलटेपर्यंत थांबायचं. हे मावशीने सांगितलं तेव्हा माझ्या मनात आलं ते लिहिताना हात आखडतो. आलं ते असं, की बोट न येवो. भरती चुको. पाच वाजू देत. फॉर्म गुरुजींच्या पिशवीत राहू दे आणि गोलकीपर आमच्याकडे.

एक वाजेस्तोवर चार बोटी आल्या. प्रत्येक बोट दिसली की मी उठून उभी राहायचे, आणि त्याची नाही कळलं की हायसं वाटून बसायचे. सव्वा वाजला. दीड वाजला. मी मोबाइलवर वेळ बघत होते आणि खरं सांगते, मला हुरूप येत होता. पाणी काठावरच्या दगडांवरून उतरायला लागलं, ओली रेघ वर राहिली.

तेवढ्यात लक्षात आलं की मावशी बोंबील उलटायची थांबली आहे. ती उभी राहून खाडीच्या तोंडाकडे बघत होती. शेजारच्या बाईने काहीतरी विचारलं, तिने मान हलवली. मग ती आलेल्या एका बोटीच्या तांडेलाकडे गेली, बोटीचा मुख्य तो, आणि परत आली. मी विचारलं, काय म्हणाला.

“काल सांजेपास्नं दिसली नाय म्हनतो.” ती माझ्याजवळ वाळूत बसली. “मशीन बिगडली आसंल. बिगडते कदी.”

तिच्या हातांना बोंबलाचा वास होता. ती ते पदराला पुसत राहिली, पुसून झाले तरी पुसत राहिली. मी जे दीड तास मागत होते तेच तिच्या पोटात भीती होऊन बसलं होतं, आणि ते मागणारी तिच्या शेजारी बसली होती. मी मोबाइल पालथा ठेवला. मग मीही तिच्यासारखी खाडीच्या तोंडाकडे बघायला लागले. बोट येऊ दे, एवढंच. फॉर्म गेला खड्ड्यात. गुरुजी चपला काढून पाण्याच्या कडेला उभे होते, जणू तिथून जास्त लांबचं दिसणार होतं.

पावणेदोनच्या पुढे ती आली. दुसऱ्या बोटीला दोर बांधून, ओढत. मशीनच बिघडली होती. खाडीत शिरताना तळ एकदा गाळाला घासला, माणसं उतरून कमरेइतक्या पाण्यात ढकलायला लागली. त्यांतला एक आमचा गोलकीपर. मावशी उठली, बोंबील उलटायला परत गेली.

तो आला तेव्हा अंगावरून पाणी गळत होतं. गुरुजींच्या पाया पडला. मग माझ्याकडे बघितलं.

“पत्रकवाली?”

मी हो म्हणाले. मी शुक्रवारचं सांगितलं, आम्हाला भांग माहीत नव्हता ते सांगितलं, पुढच्या सभेत मी स्वतः शुक्रवार मागे घ्यायला लावेन म्हणाले. तो ऐकत होता. 

“राग नाय,” तो म्हणाला. “पन ताई, वसईवाल्यांकडं कीपर दोन हायत. मी उदानात नसलो, दुसरा उबा ऱ्हातो. कोन बोंब मारत नाय. तुमच्याकडं मी एक दिस नाय, तर मी इकला.”

 

गुरुजींनी फॉर्म काढला. तो एकच होता, कोरा. गोलकीपरने आपले हात दाखवले, ओले, दोरीने कापलेले. “भिजंल. तू भर,” तो मला म्हणाला. “तुला लिवता येतं ना.”

मी मासळीच्या उपड्या पाटीवर कागद ठेवला. दोन वाजून गेले होते, पालघर गाठायला वेळ होता. वर पाणी सांडलं असतं, नाव चुकलं असतं तरी फॉर्म बाद होऊन तो आमच्याकडेच राहिला असता, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं, आणि गुरुजींनाही दिसत असावं कारण ते दुसरीकडे बघत होते. मी नाव लिहिलं. गाव लिहिलं. आमच्या क्लबचं नाव, मग बाणापुढे त्यांच्या क्लबचं. अक्षर माझं नेहमीचं, सरळ, मोठं, मोर्च्याच्या फलकासारखं.

शेवटचा रकाना होता बदलीचं कारण. रेघ एकच.

“काय लिहू?”

त्याने वळून आपल्या बोटीकडे बघितलं. “लिव,” म्हणाला, “वार जुळत नाय.”

मी लिहिलं आणि पेन त्याच्यापुढे धरलं. त्याने घेतलं नाही.

“आदी वाचून दाव. मागल्या येळंला दावलं नव्हतंस.”

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मावशी मांडवापासून जवळ येऊन ऐकत उभी राहिली. कारणाची ओळ दोनदा वाचली. मग त्याने हात मावशीच्या पदराला पुसले, पेन घेतलं आणि सही केली.