कानानं लिहिणारी एदेलमिरा

एदेलमिरा कार्मोना वाचायची नाही म्हणजे नाही. अडाणी नव्हती हं! अक्षर इतकं ठसठशीत की गल्लीतल्या बायका अर्ज तिच्याकडूनच लिहून घेत. पण पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर बाई घोरायला लागायची. "मुकी अक्षरं बघत काय बसायचं?" म्हणायची. रेशनचं पुस्तक सोडलं तर दुसरं पुस्तक तिनं आपणहून उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आणि ही बाई कादंबरी लिहीत होती!

आमच्या गावच्या चिरूट कारखान्यात ती एकवीस वर्षं तंबाखू वळत होती. आमच्याकडे वळणाऱ्यांना वाचून दाखवायला पगारी वाचक असतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. आवडलं की दोनशे माणसं पान कापायचं पातं पाटावर ठोकतात, नावडलं की जमिनीवर टाकतात. कुठल्या वाक्याला पाती वाजतात आणि कुठं जांभया येतात, हे एदेलमिराइतकं कुणाला कळत होतं? तीही वळता वळता एकेक वाक्य ओठातल्या ओठात घोळवायची, पक्कं झालं की घरी जाऊन वहीत उतरवायची. लिहिलेलं पुन्हा बघायची सुद्धा नाही. "पाठ आहे की मला!"

पिनार देल रिओ शहरातल्या लेखकमंडळींनी तिला सांगितलं, आधी ही वीस पुस्तकं वाचा. पठ्ठीनं आठवड्यानं गठ्ठा न सोडताच परत केला. "छान आहेत," म्हणाली, "दोरी सुद्धा चांगली आहे."

वही पुरी झाली तेव्हा तिनं ती आमच्या वाचकाकडे, एवेलिओकडे दिली. नाव सांगायचं नाही, एवढीच अट. आमच्याकडची रीत अशी की नवं पुस्तक तीन दिवस ऐकायचं आणि तिसऱ्या दिवशी हात वर करून ठरवायचं, ठेवायचं की हाकलायचं. शहरातल्यांनी नाकं मुरडली तर तिला काडीचाही फरक पडत नव्हता. पण याच माणसांच्या कानांसाठी तिनं चार वर्षं घातली होती. त्यांनी हाकललं, तर पुन्हा पेन्सिल हातात धरायची नाही असं तिनं ठरवलं होतं. एवेलिओनं सगळं टाइप करून एक प्रत तिला तपासायला दिली. तिनं ती तशीच कपाटावर ठेवली.

पहिल्या दिवशी एवेलिओ मंचावर चढला, घसा खाकरला आणि सुरू झाला, "शोकविव्हल मातील्देने आपल्या दिवंगत पतीच्या त्या शौर्यशाली कुक्कुटास जड अंतःकरणाने निरोप दिला..."

एदेलमिरानं मान वर केली. हे कुणी लिहिलं? टाइप करताना सुधारलंन की काय मेल्यानं? पण गोड होईल पुढं, म्हणून ती वळत राहिली. गोड कसलं होतंय! दुसऱ्या दिवशी एकामागोमाग पाती जमिनीवर पडली. शेजारच्या पाटावरची ओनेलिआ म्हणाली, "कोण गं हा लिहिणारा? कोंबडा विकतोय की मंत्र्याला पुरतोय?"

तिसऱ्या दिवशी वाचन सुरू व्हायच्या आधी तिनं एवेलिओला मंचाच्या पायरीशी गाठलं.

"माझी कादंबरी कुठाय?"

"बाई, जरा भाषा सुधारली. पुस्तकासारखी नको का? चार पुस्तकं वाचली असतीत तर तुम्हालाच पटलं असतं. आणि प्रत दिली होती ना? आठ दिवस!"

दिली होतीच. एकदा उघडली असती तर पहिल्या ओळीला कळलं असतं. स्वतःचाच तिला असा राग आला की कान तापले.

"माझी वही?"

"घरी. आणायची तर दोन तास लागतील."

घंटा झाली. एवेलिओ वर जाऊन बसला. एदेलमिरानं पाटापाशी बसून पान हातात घेतलं आणि त्यानं तोंड उघडायच्या आत खणखणीत आवाजात म्हणाली, "थांब! ती कादंबरी माझी आहे, आणि तू वाचतोस ती माझी नाही."

सगळी खोली वळून बघायला लागली. ओनेलिआचं तोंड उघडंच राहिलं. एदेलमिराचे हात मात्र वळतच होते.

"मातील्देनं नवऱ्याचा कोंबडा विकला," ती म्हणाली, "आणि घरी जाताना रस्त्यात एकटीच इतकी हसली, की तिला रडायचं होतं हे तिच्या लक्षातच राहिलं नाही."

कुणीतरी खुदकन हसलं. मग ती पहिल्या ओळीपासून सांगतच गेली. तास झाला, एक शब्द अडखळला नाही. तीन चिरूट वाकडे झाले आणि मुकादमानं तिकडं बघितलंही नाही, कारण तोही ऐकत होता. ती थांबली तेव्हा हात वर करा म्हणायची वेळच आली नाही. पाती अशी कडाडली की छपरावरची कबुतरं उडाली. एदेलमिरा आनंदानं रडली, आणि ते तिनं लपवलंही नाही.

एवेलिओ खाली आला. "चुकलं माझं, बाई."

"माझंही चुकलं. बघायला हवी होती प्रत."

"म्हणजे आता वाचायला लागणार?"

"हॅट! उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर बसायचं आणि वहीतलं पान न् पान मला आधी वाचून दाखवायचं. खाडाखोड दिसली तर गाठ माझ्याशी आहे!"

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तो वही घेऊन आला, तर एदेलमिराभोवती चाळीस माणसं डबे घेऊन आधीच बसली होती.