डबीवाल्या मॅडम

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर तर कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं येतं, त्याबद्दल आधीच माफी मागते. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा घसा सुकतो. म्हणून हे वहीत लिहिते आहे.

मॅडम दारात आल्या की चपला बाहेर काढायच्या, ओढणीनं चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "आधी पूर्ण ऐकून घ्या, मंग हो म्हणा. नाही म्हणायचा तुमचा हक्क आहे. नाही म्हटलं तरी मी चहा पिऊनच जाईन."

मग पिशवीतून दोन पानी कागद काढून मोठ्यानं वाचायच्या. त्याला त्या संमतीपत्र म्हणत. पहिल्या भेटीला वाचलं तर समजू शकतो, पण त्या दर भेटीला वाचत. शेजारच्या मावशी एकदा म्हणाल्या, "अहो मॅडम, सत्यनारायणाची पोथीसुद्धा लोक वर्षातून एकदाच ऐकतात." मॅडम खूप हसल्या. पण एकही ओळ गाळली नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खांद्याला कापडी पिशवी, हातात वही, आणि दार उघडल्यावर "सर्व्हे आहे" म्हणणारी. आपण दार अर्धंच उघडतो. मीही तेच करायची.

त्या विद्यापीठातून यायच्या. आम्ही त्यांना प्रोफेसर समजायचो. "प्रोफेसर नाही जी, मी फिरणारी आहे," त्या सांगत. दर अकरा महिन्यांनी त्यांचं काम संपायचं आणि पुन्हा नेमणुकीचा नवा कागद निघायचा. अशी वीस वर्षं त्यांनी काढली होती. आधी रक्ताचा सर्व्हे, मग पाण्याचा, मग उन्हाचा.

रक्ताच्या वेळी त्यांनी आमच्या गल्लीतल्या बायकांची बोटं टोचली होती. आम्हाला वाटलं, आता या कशाला परत येतायत. पण महिन्याभरानं त्या प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी घेऊन आल्या. "ज्याचं रक्त, त्याला कागद नको द्यायला?" माझ्या चिठ्ठीत रक्त कमी लिहिलेलं पाहून त्यांनी विचारलं, "घरात शेवटी कोण जेवते?" त्या म्हणाल्या, "महिनाभर सगळ्यात आधी जेवा. कोणी विचारलं तर सांगा, विद्यापीठानं सांगितलं." विद्यापीठानं असं काही सांगितलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

आमची गल्ली बिबवेवाडीच्या चढावर आहे. एक एक खोली आणि वर पत्रा. मी सकाळी दोन घरी पोळ्या करते आणि दुपारी एका घरी भांडी घासते. तेव्हा सासूबाई घरी एकट्या पडून असत. त्यांची एक बाजू लुळी होती. मी पंचा भिजवून त्यांच्या अंगावर टाकून जायची. परत येईपर्यंत तो वाळून कडक झालेला असायचा.

मॅडम मूळच्या विदर्भातल्या. तिथल्या उन्हाचा त्यांना फार अभिमान. "तुमचं पुण्याचं ऊन म्हणजे लाडाचं," असं म्हणायच्या. एका एप्रिलमध्ये भर दुपारी माझ्या घरी अर्धा तास बसल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "बाप्पा! आमच्याकडचं ऊन घराबाहेर राहते. तुमच्याकडं तर आत येऊन बसलं." मग सासूबाईंच्या कपाळावर हात ठेवला आणि पंचा स्वतः पुन्हा भिजवून आणला.

पुढच्या वर्षी त्या सहा पांढऱ्या डब्या घेऊन आल्या. काडेपेटीएवढी एक डबी, तिच्यात बारीक हिरवा दिवा लुकलुकायचा. घरात किती तापतं ते ती स्वतःच लिहून ठेवते, असं त्यांनी सांगितलं. सहा घरांत सहा डब्या. डोक्याएवढ्या उंचीवर, खिळ्याला, पंख्यापासून लांब. दोन महिन्यांनी आकडे बघायचे आणि ज्या वस्तीत जास्त तापतं तिथल्या पत्र्यांना विद्यापीठ वरून पांढरा रंग आणि आतून अस्तर लावणार. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंना दुपार सुसह्य झाली असती.

सहाही डब्यांवर लक्ष ठेवायचं काम मॅडमनी मला दिलं. त्याचं तीन हजार रुपये मानधन होतं. मी म्हटलं, मला बोलता येत नाही. "बोलायचं कुठं आहे? सांभाळायचं आहे," त्या म्हणाल्या. मी सही केली. एवढी मोठी सही मी त्याआधी कधी केली नव्हती.

तिसऱ्याच दिवशी पोरांचा चेंडू लागून एक डबी खाली पडली. फुटली नाही. पण मावशी म्हणाल्या, "इंपोर्टेड वस्तू आहे ती. उद्या कुणी उचलून नेली तर तू भरून देणार का?" कागदावरही लिहिलं होतं, यंत्राची काळजी घ्यावी. आमच्यात जी वस्तू जपायची ती पेटीत जाते. रेशनकार्ड पेटीत, सासूबाईंचं लुगडं पेटीत. मी डबी पिशवीत गुंडाळली आणि पत्र्याच्या पेटीत गोधड्यांच्या मधे ठेवून पेटी कॉटखाली सरकवली. बाकीच्या पाच जणींनाही तसंच करायला सांगितलं. घड्याळ पेटीत ठेवलं तरी वेळ दाखवतंच, तसं मला वाटलं. दिवा तर लुकलुकत होता.

मॅडम दर गुरुवारी सकाळी, मी कामाला निघायच्या आत यायच्या. त्याआधी आम्ही डब्या पुसून खिळ्याला लावायचो आणि त्या गेल्या की परत पेटीत.

"वा! एका डबीवर धूळ नाही," मॅडम म्हणायच्या. "आमच्या ऑफिसात अशी साफसफाई नाही जी." मला इतका आनंद व्हायचा की त्या दिवशी चहात मी साखर जास्त टाकायची.

दोन महिन्यांनी समाजमंदिरात बैठक झाली. ज्यांच्या घरातले आकडे आहेत त्यांना ते सांगायचेच, हा मॅडमचा हट्ट. त्यांचे सर आले होते. त्यांनी भिंतीवर तापमानाच्या रेघा दाखवल्या. दुसऱ्या एका वस्तीची रेघ डोंगरासारखी वर जात होती. आमची सपाट होती.

सर म्हणाले, "या गल्लीत दुपार होतच नाही. दोन महिने सलग संध्याकाळ आहे." काही लोक हसले.

मॅडम उठल्या. "सर, मी त्या घरात बसली आहे. घामानं वही भिजली माझी."

"तुमचा घाम आलेखात येत नाही, मॅडम."

मग त्या आमच्याकडं वळल्या. "कोणी डबी खिळ्यावरून काढून ठेवली होती का? असेल तर सांगा. कोणी रागावणार नाही."

पाच जणींनी माझ्याकडं पाहिलं. मी सतरंजीकडं पाहिलं. मला त्या क्षणी सगळं कळलं, डबीनं घर नाही, गोधड्यांच्या आतलं मोजलं होतं. पण तीन हजार सासूबाईंच्या औषधात खर्च झाले होते. परत मागितले तर कुठून आणू, हे आधी मनात आलं. मी सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत राहिले. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या खाली बसल्या.

छपरं दुसऱ्या वस्तीला मिळाली.

त्यानंतर मॅडम एकदाच आल्या, आमच्या आकड्यांचा कागद द्यायला. "ज्याचं आहे त्याला द्यायला पाहिजे, खराब असलं तरी." त्या दिवशी त्यांनी संमतीपत्र वाचलं नाही. चहा घेताना सांगितलं, या वेळी नवा कागद निघणार नाही. डब्यांवर देखरेख नीट झाली नाही, असा शेरा त्यांच्या नावापुढं आला होता. आता गावी जाणार होत्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काहून रडता?" त्या म्हणाल्या. त्यांची नजर कॉटखाली होती. "चूक माझी आहे. मी गुरुवारीच येत राहिली. एखाद्या मंगळवारी न सांगता यायला पाहिजे होतं."

त्यांना माहीत होतं. मी नुसतं हो म्हटलं असतं तरी शेरा पुसला गेला असता. मी कप उचलून मोरीत नेला. बाहेर आले तेव्हा त्या चपला घालत होत्या.

पुढच्या मे महिन्यात सासूबाई गेल्या. डॉक्टरांनी कारण वय लिहिलं. मी त्या वेळी भांडी घासत होते. परत आले तेव्हा पंचा वाळलेला होता.

त्यानंतर ते तीन हजार परत द्यायचे म्हणून मी पैसे साठवायला घेतले. पंधराशे झाले तेव्हा पत्ता विचारत विद्यापीठात गेले. वाटलं होतं, मॅडमचा फोन मिळेल, त्यांना सांगेन. सर होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पेटी, गोधड्या, गुरुवार. माझं एवढं लांब बोलणं त्यांच्याआधी कुणी ऐकलेलं नाही.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेव्हा सांगितलं असतंत तर."

"मॅडमना सांगायचंय."

"मॅडम पावसाळ्यात वारल्या. आजार होता. इथं कुणाला बोलल्या नव्हत्या."

मी म्हटलं, त्यांच्या नावापुढचा शेरा खोडा. सरांनी माझ्याकडून लिहून घेतलं, मी सही केली. त्यांनी तो कागद अहवालाला जोडला. आमच्या सहा घरांचे आकडे धरू नयेत, देखरेखीत चूक नव्हती, असं खाली स्वतः लिहिलं. मी छपरांचं विचारलं. "त्याचा निधी संपला," ते म्हणाले. या वेळी आवाज हळू होता.

पैसे घ्यायला मात्र खिडकीवरचे कारकून तयार होईनात. "अहो बाई, मानधन परत आणून देणारं माणूस मी नोकरीत पाहिलं नाही. कुठल्या खात्यात घेऊ हे?" सरांनी चिठ्ठी दिली तेव्हा घेतले. उरलेले जमवायला मला दिवाळी गाठावी लागली.

परवा ते घेऊन गेले. कारकुनांनी नोटा दोनदा मोजल्या, शिक्का मारला आणि पावती खिडकीतून सरकवली.

"पूर्ण तीन हजार जमा झाले," ते म्हणाले. "आता परत यायची गरज नाही."