मीनाक्षीताईंची जागा

मीनाक्षीताई अमेरिकेत, इथे डब्लिनला आल्या तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. सांगलीत मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं, त्यात लग्न राहून गेलं. मग डॉक्टर मनोहरकाकांचं स्थळ आलं. काकांची पहिली बायको वारलेली. इथल्या देवळात लग्न लागलं, मी काकांच्या ओळखीतली, अक्षता मीच वाटल्या.

काकांचा मुलगा ऋषी दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला असतो. ताईंना मावशी म्हणायचा, नीट बोलायचा. पण काकांच्या पायाची जखम चिघळली, शुगर आटोक्यात येईना, हार्टही थकलं, तसं त्याचं बोलणं बदललं.

"बाबांना मी माझ्याकडे नेतोय, मावशी. हे घर विकू. तुमचं बघू काहीतरी."

मी ताईंना म्हटलं, "बघू म्हणजे काय? विचारा ना."

"अगं, हे बोलतील की माझ्यासाठी. नवरा आहे माझा."

नेण्याआधी ऋषीने घरी रुद्राभिषेक ठेवला. गुरुजी नवे, या घरातलं कुणी त्यांच्या ओळखीचं नाही. ताई सकाळपासून नैवेद्याच्या स्वयंपाकात. मी फुलं निवडत होते.

"यजमानीणबाई कुठे आहेत?" गुरुजींनी विचारलं.

ऋषी म्हणाला, "आई एक्सपायर झाली, गुरुजी."

गुरुजी तरी काय करणार? त्यांनी रीतीप्रमाणे एक सुपारी काढून काकांच्या कमरेला खोचायला दिली. बायको हयात नसली की तिच्या जागी सुपारी घेऊन पूजेला बसतात.

आणि दारात ताई उभ्या, हातात पंचामृताची वाटी. देवासमोर, जित्याजागत्या बाईच्या देखत!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईच पुढे झाल्या. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही.

"गुरुजी, मी आहे की. यजमानीण मीच." आणि काकांच्या उजव्या हाताला जाऊन बसल्या.

"मावशी, प्लीज. सीन नको यार," ऋषी पुटपुटला.

गुरुजी गोंधळले. "काका, तुम्हीच सांगा. संकल्प पुन्हा करायचा का?"

काकांनी ऋषीकडे पाहिलं. यापुढे ज्याच्या दारात राहायचं, त्याच्याकडे. मग मान खाली घालून म्हणाले, "राहू दे ती सुपारी. चालू करा."

मला वाटलं, मी भलतंच काही ऐकलं. रोज सकाळ-संध्याकाळ जी बाई ती जखम धुते, तिच्याबद्दल हे?

ताई उठल्या. वाटी चौरंगाजवळ ठेवली, देवाला नमस्कार केला आणि आत गेल्या. मी मागोमाग. मला रडू आवरेना, त्यांचे डोळे मात्र कोरडे.

"ताई, चला माझ्याकडे. आत्ताच्या आत्ता. तुमचे कपडे मी भरते."

ताई आरती होईपर्यंत ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आरती संपली तशी बाहेरून काकांची हाक आली, "मीनाक्षी, पाय ठणकतोय गं."

ताईंनी कपाटातून बँडेज काढलं.

"तू गाडी काढ," त्या म्हणाल्या. "मी पट्टी बदलून येते."