दुसऱ्यांदा विचारायची वाट

वडनेर भोलजीत उकंडरावांच्या घरी जेवायला बसलेला माणूस पोटभर जेवून उठला, असं कधी होत नाही. तो पोट फुटेस्तोवर जेवूनच उठतो. उकंडराव वांगी-मिरची पिकवतात, नांदुऱ्याच्या बाजारात नेऊन विकतात. पण घरात हुकूम सत्यभामाबाईंचा. त्या पळी घेऊन उभ्या राहिल्या की पाहुण्यानं 'नको' म्हणायचं, त्यांनी 'घ्या हो' म्हणायचं, पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरायचा आणि त्यांनी बोटांच्या फटीतून वाढायचं. तिसऱ्या खेपेला पाहुणा 'आता एवढं म्हणता तर' म्हणतो आणि दोघांच्याही जिवाला बरं वाटतं. पहिल्याच खेपेला 'वाढा' म्हणतो तो हावरा, आणि एकदाच विचारून पुढे जाते ती बाई कंजूष. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेलाही कोणी पाहिला नाही.

संजीवनी याच घरातली थोरली लेक. खामगावला नर्सिंग शिकली, मग नांदुऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. पेशंट तिचं नाव घेऊन हाका मारायचे, अवघड वेळ आली की डॉक्टर तिलाच शोधायचे. पण वॉर्डची इनचार्ज नेमायची वेळ आली तेव्हा खुर्ची डॉक्टरांच्या भाचीला मिळाली. संजीवनी रडली-बिडली नाही. तिनं पुण्याला जर्मन भाषेचा वर्ग लावला. तिथं तिचं 'मले-तुले' ऐकून मुली खुदुखुदु हसायच्या. महिनाभर ती गप्प राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की जर्मन बोलायला लागल्या की या पुण्याच्या मुली आपल्याइतक्याच अडाणी आहेत. त्या दिवसापासून तिचं तोंड उघडलं ते उघडलंच, आणि परीक्षेत ती त्या हसणाऱ्यांच्या पुढे गेली.

जर्मनीत एका नदीकाठच्या छोट्या गावात, म्हाताऱ्यांच्या तीन मजली आश्रमात तिला काम मिळालं. इकडची नर्स म्हणजे तिकडे लगेच नर्स नव्हे. कागदांना मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून राबायचं. अंघोळी घालायच्या, चादरी बदलायच्या, चमच्यानं सूप भरवायचं. गावात कोणीतरी कुजबुजलं, "एवढी शिकून म्हातारे धुवाले गेली." संजीवनीनं फोनवरूनच निरोप दिला, "तुमचे म्हातारे बी धुवून देतो म्हना, या घेऊन." पोरगी कोणाचं ऐकून घेणाऱ्यांतली नाही.

पण घरचं वळण अंगातून कुठे जातं? दुसऱ्या मजल्यावर एर्ना नावाची एक आजी होती. रविवारी दुपारी कॉफीबरोबर केक असायचा. संजीवनीनं विचारलं, "अजून एक तुकडा?" आजी म्हणाली, "नको." "घ्या हो, छोटासा." "नको म्हटलं ना." "अर्धा तरी!" आणि तिनं वडनेरच्या सवयीनं अर्धा तुकडा बशीत सरकवलाच. एर्ना आजीनं बशी दूर लोटली आणि थेट आश्रमाच्या मुख्य बाईंकडे तक्रार केली, की या मुलीला माझं बोलणं ऐकू येत नाही.

मुख्य बाई म्हणजे क्रूगरबाई. आखूड केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या, चिडल्या तरी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी संजीवनीला समोर बसवून सांगितलं, "या लोकांच्या हातात आता फार थोड्या गोष्टी उरल्या आहेत. 'नाही' म्हणणं ही त्यातली एक. तेवढं त्यांच्याकडून काढून घेऊ नका." संजीवनीला ते मनापासून पटलं. दुसऱ्या दिवशी तिनं आजीची माफी मागितली आणि तेव्हापासून कोणी 'नको' म्हटलं की ताट उचलायची. हळूहळू ते इतकं अंगवळणी पडलं, की पुढच्या हिवाळ्यात तिनं फोनवर आईला विचारलं, "आई, तीन महिने येतेस का माह्याकडं?" आणि आई म्हणाली, "नाई वं माय, माह्यं काय काम तठी? केवढी थंडी असते," तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि वांग्याला काय भाव लागला ते विचारू लागली.

कागद आले, परीक्षा झाली, संजीवनी पक्की नर्स झाली. औषधांची जबाबदारी, नव्या मुलींना शिकवणं, नातेवाइकांशी बोलणं, सगळं ती करू लागली. एर्ना आजी आता तिच्याशिवाय कोणाकडून केस विंचरून घेत नव्हती. पण संजीवनीचा डोळा होता तो मजल्याच्या प्रमुखपदावर. नांदुऱ्यात जी खुर्ची हुकली ती तिला इथं मिळवायची होती, आणि त्यासाठी सुट्टीच्या दिवशी जाऊन तिनं लागणारं शिक्षणही पुरं केलं होतं.

तिसऱ्या वर्षी दुसऱ्या मजल्याच्या प्रमुख निवृत्त व्हायच्या होत्या. क्रूगरबाईंनी संजीवनीला खोलीत बोलावलं आणि विचारलं, "हे काम तुम्ही घ्याल का?"

तिच्या काळजानं उडी मारली. आणि तोंडानं काय म्हणावं? "मी? नाही नाही. माझ्याहून जुन्या बायका आहेत इथं. मी कुठे अजून तेवढी..." एवढं बोलून तिनं मान खाली घातली, हात मांडीवर ठेवले आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसली.

क्रूगरबाई म्हणाल्या, "समजलं. स्पष्ट सांगितलंत, बरं झालं." आणि उठून त्यांनी दार उघडलं.

आता काय करावं या पोरीला! दुसऱ्याचं 'नाही' खरं मानायला ती शिकली होती. आपलंही 'नाही' कोणी खरं मानेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. बाहेर आल्यावरही तिला वाटत होतं, बाई विचार करत असतील, उद्या बोलावतील. उद्या गेला, परवा गेला. क्रूगरबाई रोज दिसायच्या, हसून नमस्कार करायच्या आणि पुढे जायच्या. मग चहाच्या खोलीत कळलं, की क्रोएशियाहून आलेल्या मिरेलाला विचारलंय, तिनं तिथल्या तिथं 'हो' म्हटलंय आणि शुक्रवारी तिची मुलाखत आहे.

जेवणाच्या सुट्टीत तिनं घरी फोन लावला. सगळं ऐकून सत्यभामाबाई भडकल्या. "एकडावच इचारलं? अशी कशी वं ते बाई? पाहुन्याले बी कोनी एकडाव इचारत नाही!"

मागून उकंडरावांचा आवाज आला. "बाईले काऊन बोलून राह्यली? पोट्टे, आपल्या हर्राशीत तीन बार बोली होते, म्हनून आपन दोन बार गंमत पाहतो. तिकडं एकच बार होत असीन त पहिल्याच बारले हात वर करा लागते."

"झाली ना पन बोली आता, बाबा."

"माल उचलला का?"

"नाही. शुक्रवारी."

"मंग उभी काय राह्यली? जाय ना!"

संजीवनी तशीच वर गेली. जिना चढताना तिला खरोखर लाज वाटत होती. आपणच जाऊन 'मला द्या' म्हणायचं म्हणजे पंगतीत शेजारच्याच्या ताटातली पोळी उचलण्यासारखं. पण दार वाजवलं ते जोरातच.

"मी त्या दिवशी नाही म्हटलं," ती उभ्या उभ्याच म्हणाली, "ते खरं नव्हतं. आमच्या गावात भला माणूस पहिल्यांदा नाहीच म्हणतो. समोरचा पुन्हा विचारतो. तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून मी थांबले होते."

क्रूगरबाईंनी चष्मा काढला. "पण हे मला कसं कळणार?"

"तुम्हाला कसं कळणार? कळायला तुम्ही वडनेरच्या थोड्याच आहात. म्हणून मी सांगायला आले. मला हे काम हवंय. मला ते चांगलं जमेल, आणि मला फार दिवसांपासून हवंय."

म्हणून टाकलं! छातीवरचा धोंडा उतरला. क्रूगरबाई म्हणाल्या, "केकच्या तुकड्याचं आज मला कळलं." मग त्यांनी शुक्रवारी मिरेलाच्या नंतरची वेळ तिला दिली. सवलत कसलीही नाही.

मुलाखतीत तीन माणसं होती. 'तुमच्यात चांगलं काय आहे' असं विचारल्यावर वडनेरची पोरगी खुर्चीत ताठ बसली आणि आपलं चांगलं आपल्याच तोंडानं एकामागून एक सांगत गेली. सत्यभामाबाईंनी ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावला असता. सहा महिन्यांच्या कराराने काम तिला मिळालं, आणि सहा महिन्यांनी पक्कं झालं. मिरेला आठवडाभर बोलली नाही. मग बोलायला लागली.

पुढच्या मे महिन्यात संजीवनी घरी आली. आमरसाचं जेवण. आई पातेलं घेऊन आली, "थोडा घे वं," आणि संजीवनी म्हणाली, "वाढ."

सत्यभामाबाईंची पळी तिथंच थांबली. "अवं, मले आग्रह त करू दे!" सगळे हसले, संजीवनी सगळ्यात जास्त.

जेवणं झाली. वामकुक्षीला चादर घ्यावी म्हणून तिनं लोखंडी पेटी उघडली. चादरींच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक जाड जांभळा स्वेटर होता आणि लोकरीचे पायमोजे. वडनेरला, जिथं थंडीतही माणसं शालीवर भागवतात!

"हे कोनाचं?"

"तुह्या मायचं," उकंडराव खाटेवरून म्हणाले. "तू येतेस का म्हनून इचारलं होतं ना, त्याच आठवड्यात आनलं. मोजे घालून घरभर फिरून पाह्यलं. मले म्हने, पोट्टी आनखी एकडाव इचारीन, तवा हाव म्हनीन."

"काई बी सांगतात तुहे बाबा," सत्यभामाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

संजीवनी पिशवी हातात धरून उभी राहिली. हसू पार गेलं. क्रूगरबाईंना कळायची सोय नव्हती. त्या बिचाऱ्या परक्या. हिला तर सगळं माहीत होतं. तरी आईनं 'नाई वं' म्हटलं आणि हिनं ताट उचललं. आई दोन हिवाळे वाट बघत बसली.

ती आईजवळ जाऊन जमिनीवर बसली. "आई, चाल माह्यासंगं."

"नाई वं माय. तुह्या बाबाच्या भाकरी कोन करीन?"

"चाल ना आई. बाबा करतीन भाकरी."

"मले कुठं त्याहिचं बोलनं समजते? मी काय करू तठी?"

"एर्ना आजीचे केस विंचर. तिले बी तुहं समजनार नाही. चाल. तिसऱ्यांदा म्हनून राह्यली मी."

सत्यभामाबाईंनी तिच्या हातातून पिशवी घेतली, स्वेटर बाहेर काढला आणि भर मे महिन्याच्या दुपारी मांडीवर उलगडून त्याच्या बाह्या सरळ करत म्हणाल्या,

"आता एवढं म्हनते त येते."